रक्ताचा सामू आणि आपला श्वास

शेतीशी संबंध असलेल्या कुणालाही 'सामू' हा शब्द नवा नाही. माती परीक्षणाचा अहवाल हातात आला की शेतकऱ्याची नजर आधी त्याच आकड्याकडे जाते. मराठवाड्यातल्या काळ्या मातीचा सामू आठच्या आसपास, कोकणातल्या जांभ्या मातीचा सहाच्या खाली-वर. तरी तिकडे कापूस येतो, इकडे भात येतो. माती एवढा फरक सोसते. रक्त सोसत नाही. निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्ताचा सामू, म्हणजेच पीएच, 7.35 ते 7.45 एवढ्या चिंचोळ्या वाटेने चालतो. तो 6.8 च्या खाली किंवा 7.8 च्या वर गेला, तर माणूस सहसा वाचत नाही.

ही चिंचोळी वाट शरीर कशी सांभाळतं, हे ठाऊक असलं तर 'शरीर अल्कधर्मी करा' म्हणणाऱ्या यंत्रांवर आणि बाटल्यांवर जाणारा पैसा वाचेल. आणि कधीतरी घरातल्या एखाद्याचा जीवही वाचेल. सगळ्यात महत्त्वाचं सुरुवातीलाच सांगतो. रक्ताचा सामू घरी मोजता येत नाही. पण तो बिघडू लागला की श्वास बदलतो, आणि श्वास घरातल्या कुणालाही दिसतो.

सामूची मोजपट्टी सोरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने 1909 साली आणली. तो कोपनहेगनला कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होता. ही पट्टी उलटी चालते: आम्ल जितकं जास्त, आकडा तितका लहान. शिवाय एका अंकाचा फरक म्हणजे दहा पटींचा फरक. त्यामुळे रुग्णाच्या अहवालात 7.4 चा 7.1 झालेला पाहून नातेवाइकांना वाटतं, थोडाच तर उतरलाय. प्रत्यक्षात रक्तातले हायड्रोजन आयन तेवढ्यात दुप्पट झालेले असतात. शरीरातली विकरं, हृदयाचे स्नायू, मज्जातंतू ही सगळी मंडळी त्या चिंचोळ्या पट्ट्यातच नीट काम करतात. आम्ल वाढलं की हृदयाचं आकुंचन कमजोर होतं, पोटॅशियम पेशींबाहेर येऊ लागतं, माणूस गुंगीत जातो.

आता एका शब्दाचा घोळ निस्तरू. आपल्याकडे 'मला अ‍ॅसिडिटी आहे' असं दिवसातून कितीदा तरी ऐकू येतं. ही अ‍ॅसिडिटी जठराची. जठरातल्या रसाचा सामू दीड ते साडेतीन असतो आणि तो तसाच असायला हवा; अन्नातली प्रथिनं फोडायला आणि जंतू मारायला ते आम्ल लागतं. जळजळ होते ती हे आम्ल वर अन्ननलिकेत चढलं म्हणून, किंवा जठराच्या अस्तराला इजा झाली म्हणून. रक्त आम्लधर्मी झालं असा त्याचा अर्थ नाही. उलट, जेवणानंतर जठर आम्ल सोडतं तेव्हा रक्तात बायकार्बोनेट जमा होतं आणि रक्त थोड्या वेळासाठी किंचित अल्कधर्मी बनतं. करपट ढेकर आणि रक्ताचा सामू यांचा संबंध जोडून कुणी काही विकत असेल, तर त्याला हे एवढं ऐकवा. आणि एक गोष्ट याच जागी सांगायला हवी: पन्नाशीच्या माणसाला किंवा मधुमेह्याला छातीत जळजळ होऊन घाम फुटत असेल, डावा हात किंवा जबडा दुखत असेल, तर सोडा पाजत बसू नका, ईसीजी काढा.

खाण्यापिण्याने रक्ताचा सामू बदलतो ही समजूत फार खोलवर रुजली आहे. तिचा उगम जुन्या रसायनशास्त्रात सापडतो. अन्न जाळायचं, उरलेल्या राखेची परीक्षा करायची आणि त्यावरून ते अन्न 'आम्ल' की 'अल्क' हे ठरवायचं, अशी ती पद्धत होती. लिंबू चवीला आंबट, पण त्यातलं सायट्रेट यकृतात बायकार्बोनेटमध्ये बदलतं. म्हणून लिंबू 'अल्कधर्मी'. इथपर्यंत खरं आहे. पण या सगळ्याने बदलतो तो लघवीचा सामू. तो साडेचार ते आठ इतका खाली-वर होऊ शकतो, आणि त्याने तसं व्हावं यासाठीच मूत्रपिंडं आहेत. सकाळी लघवीच्या पट्टीवर रंग बदलला, तर तुमची मूत्रपिंडं त्यांचं काम करत आहेत एवढंच समजा. भाज्या, फळं भरपूर खाण्याने काही प्रकारचे मूतखडे टळतात, रक्तदाबाला मदत होते. ती जरूर खा. रक्ताचा सामू वाढवण्याच्या आशेने मात्र नको.

अल्कलाइन पाण्याचं गणित तर कागदावर मांडता येतं. सामू 9 असलेल्या, केवळ यंत्राने अल्कधर्मी केलेल्या एक लिटर पाण्यातली अल्कता मारायला जठरातलं अर्धा मिलीलिटर आम्लही पुरतं. पाणी गळ्याखाली उतरतं आणि यंत्राची किंमत तिथेच संपते. यात फक्त पैसा गेला असता तर इतकं कळकळीने लिहिलं नसतं. पण 'कर्करोग आम्लामुळे होतो, अल्क घ्या, बरे व्हा' असं सांगून लोकांचे उपचार थांबवले जातात. अमेरिकेत 'पीएच मिरॅकल' या पुस्तकमालेचा लेखक रॉबर्ट यंग याला परवाना नसताना वैद्यकी केल्याबद्दल 2016 साली ज्यूरीने दोषी ठरवलं. तरी त्याचे दावे आजही मराठीत भाषांतरित होऊन आपल्या फोनवर येतात. त्यांत हमखास ओटो वॉरबर्ग या शास्त्रज्ञाचं नाव असतं, 'आम्लामुळे कर्करोग होतो हे शोधल्याबद्दल 1931 चं नोबेल' म्हणून. वॉरबर्गला 1931 चं नोबेल मिळालं हे खरं, पण ते पेशींच्या श्वसनात भाग घेणाऱ्या विकराच्या शोधासाठी. गाठीच्या आजूबाजूला आम्लता वाढलेली आढळते ती गाठीच्या पेशी भराभर साखर वापरतात म्हणून. पाणी पिऊन ती जात नाही.

मग सामू सांभाळतं कोण?

आपण नुसते बसून असलो तरी पेशी सतत कार्बन डायॉक्साइड तयार करतात. दिवसाला सुमारे 15 हजार मिलिमोल. वजनात मोजला तर अर्धा किलोहून जास्त. पाण्यात विरघळला की त्याचं कार्बोनिक आम्ल होतं. त्याखेरीज प्रथिनांच्या पचनातून सल्फ्युरिक, फॉस्फरिक अशी दुसरी आम्लंही तयार होतात, पण ती किती? साठ किलोच्या माणसात दिवसाला साधारण साठ मिलिमोल. म्हणजे श्वासावाटे जाणारं आम्ल या दुसऱ्या आम्लाच्या दोनशे पटींहून अधिक आहे. फुप्फुसं दिवसभर हे आम्ल बाहेर टाकतात आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

रक्तात आम्ल आलं की पहिल्या क्षणी ते पकडायला बायकार्बोनेट, हिमोग्लोबिन आणि इतर प्रथिनं तयार असतात. यांना बफर म्हणतात. काही मिनिटांत मेंदू श्वासाची गती आणि खोली बदलतो. आम्ल वाढलं की श्वास वाढतो, अल्क वाढलं की मंदावतो. मूत्रपिंडांचं काम सावकाश चालतं, त्यांना पुरतं जुळवून घ्यायला तीन ते पाच दिवस लागतात, पण त्यांचा आवाका पाहा. ती दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात, त्यातून सव्वाचार हजारांहून अधिक मिलिमोल बायकार्बोनेट खाली येतं आणि जवळपास सगळंच ती परत उचलतात. खाण्याच्या सोड्याच्या हिशेबात हे 360 ग्रॅम झाले. वर ती अमोनिया तयार करून उरलेलं आम्ल त्याच्यासोबत लघवीत सोडतात. ज्याच्याकडे असा कारखाना रात्रंदिवस चालू आहे, त्याने चमचाभर सोड्याने काय साधायचं?

श्वासाचं हे महत्त्व डॉक्टरांनाही पटायला वेळ लागला. 1952 च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुलं रोज दाखल होत होती. पहिल्या तीन आठवड्यांत श्वासयंत्रावर ठेवलेल्या 31 जणांपैकी 27 दगावले. त्यांच्या रक्तात बायकार्बोनेटच्या रूपातला कार्बन डायॉक्साइड खूप वाढलेला दिसे, आणि डॉक्टर समजत की हा कसला तरी अल्कतेचा विकार आहे. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने उलट सांगितलं: ही मुलं श्वास पुरेसा बाहेर सोडू शकत नाहीत, कार्बन डायॉक्साइड आत साठतोय, रक्त आम्लधर्मी होतंय, वाढलेलं बायकार्बोनेट हा त्याचाच परिणाम आहे. 27 ऑगस्टला त्याने बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. ती वाचली. मग सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून, महिनोन्‌महिने, मुलांच्या उशाशी बसून पिशव्या दाबत राहिले. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहूनही खाली आलं. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथली मानली जाते. रक्ताचा सामू झटपट मोजण्याची साधनं पोल ऑस्ट्रुप यांनी याच साथीच्या निकडीतून विकसित केली. आज आयसीयूत मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन जी 'एबीजी' चाचणी करतात, तिची मुळं तिथे आहेत.

आता घरी काय बघायचं ते.

मोठ्या माणसाचा श्वास शांत असताना मिनिटाला 12 ते 20 वेळा चालतो. तो पूर्ण एक मिनिट मोजा, आणि ज्याचा मोजताय त्याला न सांगता. सांगितलं की गती बदलते. मुलं झोपलेली असताना किंवा निवांत असताना मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त असेल, तर तो जलद श्वास, डॉक्टरांकडे जायचं. गतीइतकीच खोलीही बघा. रक्तात आम्ल साठलं की माणूस अंथरुणावर पडल्या पडल्या, नुकताच धावून आल्यासारखा, खोल आणि ओढून श्वास घेतो. छातीत घरघर नसते, खोकला नसतो. आडोल्फ कुसमाउल या जर्मन डॉक्टरने 1874 मध्ये मधुमेही रुग्णांमध्ये या श्वासाचं वर्णन केलं, म्हणून त्याला कुसमाउलचा श्वास म्हणतात. कोविडपासून घरोघरी ऑक्सिमीटर आले आहेत. तो बोटाला लावला तर अशा माणसात 98 दिसू शकतं, आणि घरचे निर्धास्त होतात. ऑक्सिमीटर ऑक्सिजन सांगतो. आम्ल सांगत नाही, कार्बन डायॉक्साइड सांगत नाही.

असा श्वास सगळ्यात जास्त दिसतो तो मधुमेहात. इन्शुलिन संपलं की शरीर साखर वापरू शकत नाही, चरबी जाळू लागतं, त्यातून कीटोन आम्लं तयार होतात आणि बायकार्बोनेट संपत जातं. लहान मुलांत मधुमेहाची पहिली ओळख अनेकदा अशीच होते. मूल सारखं पाणी मागतं, रात्री उठून लघवीला जातं, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं, वजन उतरतं. मग उलट्या आणि पोटदुखी, आणि मग तो खोल श्वास. तोंडाला नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा किंवा पिकल्या फळासारखा वास येतो. पोटदुखी म्हणून ओवा, दम लागतोय म्हणून वाफ, यांत दोन दिवस जातात; आणि ते दोन दिवसच महागात पडतात. अशा मुलाची साखर बोटातून एका थेंबावर तपासता येते. ज्याला इन्शुलिन चालू आहे, त्याने आजारपणात 'जेवण नाही तर इन्शुलिनही नको' असं कधीही करू नये. ताप-उलट्यांत दर तीन-चार तासांनी साखर आणि लघवीतले कीटोन तपासावेत, आणि किती इन्शुलिन घ्यायचं ते डॉक्टरांना विचारावं. बंद करू नये.

याच आजारातली एक नवी बाजू अजून पुरेशी लोकांपर्यंत गेलेली नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदय आणि मूत्रपिंडासाठीही त्या उत्तम आहेत, पेटंट संपल्यापासून त्या स्वस्त झाल्या आणि घरोघरी पोचल्या. पण या गोळ्यांवर असताना उपाशी राहिलं, उलट्या-जुलाब झाले किंवा शस्त्रक्रिया झाली, तर क्वचित कीटोन आम्लं साठतात. आणि तेव्हा ग्लुकोमीटरवर साखर जवळपास नेहमीसारखी, दीडशे-दोनशेच दिसते. त्यामुळे रुग्णाला नि घरच्यांना, कधी डॉक्टरांनाही शंका येत नाही. म्हणून निर्जळी एकादशी, नवरात्राचे नऊ दिवसांचे कडक उपवास किंवा रोजे धरण्याआधी डॉक्टरांना विचारा, ही गोळी त्या दिवसांत घ्यायची की थांबवायची. ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी ती सहसा थांबवतात. सर्जनला स्वतःहून सांगा की तुम्ही ती घेता. एरवी मनाने बंद करू नका. गोळी चालू असताना मळमळ, पोटदुखी आणि श्वास खोल झाला, तर साखर कितीही दिसो, रुग्णालयात जाऊन कीटोन तपासून घ्या.

जुलाबात शरीरातून नुसतं पाणी जात नाही, बायकार्बोनेटही जातं. पटकीच्या रुग्णांच्या रक्तातून पाणी, मीठ आणि अल्क निघून गेलेलं असतं, हे विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने 1831-32 च्या साथीत दाखवून दिलं होतं. त्यावरचा सर्वांत साधा उपाय मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाला तो आपल्या देशात. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली. सीमेवरच्या बनगावला सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी एक लिटर पाण्यात 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असं मिश्रण करून पिंपांतून पाजायला सुरुवात केली. ते पाजण्याचं काम नातेवाइकांनी केलं. तीस टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. त्या मिश्रणातला सोडा उगाच नव्हता. गेलेलं बायकार्बोनेट तो भरून देत होता. आजच्या ओआरएसच्या पुडीत त्याच्या जागी ट्रायसोडियम सायट्रेट असतं, ते पुडीत जास्त टिकतं आणि शरीरात गेल्यावर त्याचंच बायकार्बोनेट होतं.

पुडीवर जितकं पाणी लिहिलं असेल तितक्याच उकळून गार केलेल्या पाण्यात ती पूर्ण विरघळवा. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकायची, ही आपली सवय घातक आहे. केलेलं पाणी 24 तासांत संपवा, उरलं तर ओता. पुडी मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ चालेल, चमचा चहाचा. दुकानातली गोड, रंगीत पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. त्यांत साखर जास्त असते आणि जुलाब वाढू शकतात. अशा पेयांच्या वेष्टनावर ओआरएस हे नाव वापरायला एफएसएसएआयने ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली. घेताना 'जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार' असं लिहिलेलीच पुडी घ्या. आणि जुलाब होणाऱ्या बाळाचे डोळे खोल गेले, ते पिईनासं झालं, श्वास खोल झाला, तर ओआरएस पाजत पाजतच दवाखाना गाठा.

फुप्फुसांच्या जुन्या आजारात गोष्ट कोपनहेगनच्या मुलांसारखी होते. आयुष्यभर चुलीच्या धुरात बसलेली आजी असो की विडी ओढलेले आजोबा. सीओपीडीत कार्बन डायॉक्साइड हळूहळू साठत जातो, आणि मूत्रपिंडं बायकार्बोनेट वाढवून कसाबसा तोल राखतात. अशांच्या घरी ऑक्सिजन काँसंट्रेटर असतो. धाप वाढली की मायेने कुणीतरी कळ फिरवून ऑक्सिजन दोन लिटरवरून पाचवर नेतं. यातल्या काही रुग्णांमध्ये जास्त ऑक्सिजनमुळे कार्बन डायॉक्साइड आणखी साठतो. ऑक्सिमीटरवर 97 येतं, सगळ्यांना हायसं वाटतं आणि आजोबा झोपी जातात. ती झोप नसते, कार्बन डायॉक्साइडची गुंगी असते. ज्यांना हा धोका आहे त्यांच्यासाठी 88 ते 92 हेच उद्दिष्ट ठेवतात. तुमच्या रुग्णासाठी कुठला आकडा, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि यंत्राला चिकटवून ठेवा. सकाळी उठताना डोकं जड, दिवसा पेंग, बरळणं, हात पुढे पसरल्यावर पंजे फडफडणं ही साठण्याची लक्षणं. आणि अशा रुग्णाला झोपेची गोळी कुणाच्याही सांगण्यावरून देऊ नका.

मूत्रपिंडं थकली की आम्ल बाहेर टाकणं जमत नाही. रक्ततपासणीत बायकार्बोनेट 22 च्या खाली रेंगाळायला लागतं, स्नायू झिजतात, हाडांतून क्षार निघतात. त्यासाठी डॉक्टर सोडामिंटच्या गोळ्या देतात. 'अ‍ॅसिडिटीची गोळी आहे, आज जळजळ नाही' म्हणून पुष्कळ रुग्ण ती सोडतात. ती अ‍ॅसिडिटीची नाही. तिचं काम रक्तात आहे. याच रुग्णांनी नारळपाणी आणि फळांचे रस 'अल्कधर्मी' म्हणून ढोसू नयेत. पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकतं.

याउलट, धडधाकट माणसाने रोज रात्री खाण्याचा सोडा किंवा फसफसणारी पूड घेणं बंद करावं. एका चहाच्या चमचाभर सोड्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली दिवसभराची मर्यादा दोन ग्रॅम आहे. रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना हे सरळसरळ घातक. तुडुंब जेवणावर सोडा घेतल्याने निघालेल्या वायूने जठर फाटल्याचीही उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. महिन्याभरापेक्षा जास्त जळजळ होत असेल, तर कारण शोधा.

अल्कतेच्या बाजूला झुकण्याचे प्रसंगही असतात. घाबरून किंवा रडून भराभर श्वास घेतला की कार्बन डायॉक्साइड कमी होतो, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, हाताचे पंजे वळतात. पूर्वी अशा वेळी तोंडाला कागदी पिशवी लावायला सांगत. ते करू नका, कारण दमा किंवा हृदयविकार असला तर घात होईल. शेजारी बसा, हळू बोला, श्वास सावकाश सोडायला लावा. लेहला जाणाऱ्या पर्यटकांत हेच डोंगर घडवतो. साडेतीन हजार मीटरवर हवा विरळ, श्वास आपोआप वाढतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू श्वासाला लगाम घालू पाहतो, विशेषतः झोपेत. मूत्रपिंडं जादा बायकार्बोनेट सोडून देईपर्यंत ही ओढाताण चालते. विमानाने पोचल्यावर पहिले दोन दिवस नुसता आराम करायला सांगतात ते मूत्रपिंडांना वेळ मिळावा म्हणून. अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी हेच काम लवकर करून घेते; सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

एका विषाचंही सांगायला हवं. जून 2015 मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं मेली. तिच्यात मिथेनॉल होतं. यकृतात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं, म्हणजे मुंगीच्या डंखातलं. ते डोळ्यांची नस जाळतं आणि रक्ताचा सामू पाडतं. लक्षणं दिसायला बारा ते चोवीस तास लागू शकतात, म्हणून माणूस 'उतरली नाही अजून' समजून झोपून राहतो. धुकं पडल्यासारखं अंधूक दिसणं, उलट्या आणि खोल श्वास असेल, तर पोलिसांच्या भीतीने लपवू नका. उतारा आहे, डायलिसिस आहे, पण वेळेत. आणि त्याच गुत्त्यावर प्यायलेल्या बाकीच्यांनाही, त्यांना काही होत नसलं तरी, सोबत घेऊन जा.

रुग्णालयात एबीजीचा कागद हातात आला तर तीन आकडे बघा. सामू 7.35 ते 7.45, कार्बन डायॉक्साइडचा दाब 35 ते 45, बायकार्बोनेट 22 ते 26. सामू खाली आणि कार्बन डायॉक्साइड वर असेल, तर दोष श्वासाचा. सामू खाली आणि बायकार्बोनेटही खाली असेल, तर आम्ल शरीरात कुठेतरी तयार होतंय किंवा बायकार्बोनेट वाहून जातंय. यावरून उपचार ठरवू नका, पण डॉक्टरांना 'कारण काय सापडलं?' हे विचारायचं धैर्य येईल. सामू हा आजार नसतो. त्याच्यामागे साखर, जंतुसंसर्ग, मूत्रपिंड, फुप्फुस यांपैकी कुणीतरी असतं, आणि उपचार त्याचा करायचा असतो.

आज रात्री घरातल्या सगळ्यांचा श्वास, ते निवांत असताना, एकदा मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवा. कधी उलट्या, जुलाब, ताप किंवा गुंगी असताना तो त्या आकड्यापेक्षा बराच वाढलेला किंवा खोल झालेला दिसला, तर सकाळची वाट पाहू नका. निघा, आणि पोचल्यावर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की श्वास बदललाय.